चोवीस तासांचे ठोके

ईसीजीच्या खोलीत आयुष्य काढलं की किस्से आपोआप साचतात. पेशंटच्या छातीला वायरी जोडायच्या, "हलू नका, बोलू नका" म्हणायचं, आणि नेमकं तेव्हाच त्याला सगळं बोलायचं असतं! परवा कपाट आवरताना आमच्या जुन्या होल्टर मशीनचा पट्टा सापडला आणि एकेक माणूस समोर येऊन बसला.

होल्टर म्हणजे छातीवर चोवीस तास बांधून ठेवायचं मशीन. हृदयाचा एकूण एक ठोका टिपून घेतं. आता बिस्किटाएवढं पातळ आलंय. आमचं तेव्हाचं चांगलं ट्रान्झिस्टरएवढं होतं, कमरेला लटकवायचं.

बीडच्या आमच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी तेव्हा एक अभ्यास काढला होता. हार्ट अटॅक येऊन गेलेली माणसं घ्यायची, शुगर असलेली वेगळी, नसलेली वेगळी, आणि दोघांच्या ठोक्यांची लय मोजायची. टीममध्ये डॉक्टर, मी आणि वॉर्डातले नारायणमामा. मामांचं निम्मं आयुष्य शेतात गेलेलं, उरलेलं स्ट्रेचर ढकलण्यात.

पहिल्याच दिवशी डॉक्टर आम्हाला समजावत होते, "चांगलं हृदय घड्याळासारखं चालत नाही. दोन ठोक्यांतलं अंतर सारखं थोडं कमी-जास्त होत राहतं. ते अगदी एकसारखं झालं, तर काळजी करायची. शुगरवाल्यांत हे जास्त दिसतं."

मला पुन्हा विचारावं लागलं. मामा मात्र लगेच म्हणाले, "सोपं हाय की साहेब! गाडीचा बैल रस्ता बगून पाय टाकतोय. घान्याचा बैल एकसारखा फिरतोय, कारन त्याला काय दिसतच न्हाई."

डॉक्टरांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "मामा, पुढच्या कॉन्फरन्सला तुम्ही चला!"

*

कडा गावाकडचे एक पुढारी अ‍ॅडमिट झाले होते. अटॅक सौम्य, पण रुबाब जोरदार. खाटेभोवती कायम पाच-सहा माणसं उभी.

मी फॉर्म भरत होते. विचारलं, "शुगर आहे का?"

"हाय ना! आमच्या भागातल्या कारखान्यात हाय. अंगात न्हाई!"

माणसं खो खो हसली. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. शुगर भरपूर! डॉक्टरांनी त्यांचं नाव शुगरच्या यादीत घातलं. पुढारी उठूनच बसले.

"साहेब, मला त्या दुसऱ्या गटात टाका."

"तसं चालत नाही. गट तुमचं रक्त ठरवतं."

"आवं, तीस वर्सं झाली राजकारणात. गट कसा ठरतो ते तुमी मला सांगू नका!"

डॉक्टर काही बधेनात. शेवटी पुढाऱ्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "ताई, त्या बिनसाखरेच्या गटात जास्ती मानसं हायत का ह्या गटात?"

म्हटलं, "तुमच्या गटात जास्त आहेत."

"मग ऱ्हाऊ द्या हितंच!"

*

केजचे एक गृहस्थ होल्टर बांधून शेअर जीपनं गावी गेले. शर्टातून वायरी बाहेर, कमरेला डबा. दुसऱ्या दिवशी मशीन परत द्यायला आले ते एकदम खुशीत.

"काही त्रास?" मी विचारलं.

"तरास? आवं, जल्मात पयल्यांदा पुढच्या शिटावर एकटा बसून गेलो! डायवर म्हनला, काका, तुमी फकस्त हलू नका. मागं चौदा मानसं, पन कुनी धक्का लावला न्हाई. खड्डा आला की जीप अशी सावकाश, जशी नवरीची गाडी!"

मी वायरी काढत होते. त्यांनी माझा हात धरला.

"ताई, आजच्या दिवस आनिक बांधता का? परळीला लग्नाला जायाचंय."

*

पाटोद्याच्या डोंगराकडचे भिवाजी मेंढपाळ होते. ऊन खाऊन खाऊन काळा पडलेला, ताठ म्हातारा. अटॅक येऊन गेलेला, पण शुगर अजिबात नाही. होल्टरबरोबर आम्ही एक वही द्यायचो. कधी काय केलं ते लिहायचं, म्हणजे ठोके ताडून पाहता येतात. भिवाजींना लिहिता येत नव्हतं, म्हणून सुनेनं लिहिलं होतं. सुरेख, तपशीलवार. 'साडेनऊ, मेंढरं मोजली. अकरा, चहा घेतला. चार, सासरे ओट्यावर शांत बसले आहेत.'

आणि नेमके त्या चार वाजता आलेखात ठोके उसळलेले! सत्तरावरून थेट एकशेवीस. दहा मिनिटं खाली यायला तयार नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "भिवाजी, खरं सांगा. मेंढ्यांमागं पळालात का?"

म्हातारा मान खाली घालून बसला. शेवटी सूनच बोलली, "चारच्या यष्टीनं सासूबाई माहेराहून परत आल्या साहेब. रुसून गेलत्या. तीन महिने झालते."

डॉक्टरांना हसू आवरेना. "म्हणजे बायकोला बघून घाबरलात होय?"

भिवाजींनी पटका उगाच सारखा केला.

"घाबरलो न्हाई वो. लई दिस झालते बगून."

*

एक निवृत्त गुरुजी होते. धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. संमतीचा फॉर्म सहीसाठी दिला, तर त्यांनी तो लाल पेनानं तपासून परत केला! ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका. खाली शेरा: 'आशय चांगला. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' डॉक्टरांनी फॉर्म फ्रेम करून केबिनमध्ये लावला आणि आम्ही नवा छापून घेतला.

गुरुजींना पंधरा वर्षांपासून शुगर. त्यांचे ठोके पाहून डॉक्टर जरा गंभीर झाले. गोळ्या वाढवल्या, दर महिन्याला बोलावलं. गुरुजी येत राहिले. प्रत्येक वेळी माझ्या टेबलापाशी थांबून रजिस्टरमधलं माझं अक्षर पाहायचे आणि म्हणायचे, "दोन शब्दांत अंतर सारखं ठेव बाळ. अक्षराचा जीव अंतरात असतो."

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर ते आले नाहीत. आल्या त्या त्यांच्या पत्नी, एकट्याच. फाईल परत द्यायला. तसं द्यायचं काही कारण नव्हतं, पण त्या आल्या.

म्हणाल्या, "त्यांची ती ठोक्यांची पट्टी असते ना, ती मिळेल का एखादी?"

मी फाईलमधून एक पट्टी काढून दिली. त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेका ठोक्यावरून, ओळ वाचावी तशा पुढे गेल्या. मग हसल्या.

"किती सारखं अंतर आहे बघ. त्यांचं अक्षर असंच होतं."

ते सारखं अंतरच वाईट होतं, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "हो काकू. फार सुंदर आहे."

*

ज्ञानोबा आणि कौसाबाई हे वडवणीकडचं जोडपं. अटॅक ज्ञानोबांना आला होता, शुगर नव्हती. मी होल्टर बांधलं, घरी जाऊन आराम करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं मशीन घेऊन हजर.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी मला आत बोलावलं. वहीत ज्ञानोबांनी लिहिलं होतं: 'सकाळी पडून. दुपारी पडून. सांजच्याला पडून.' आणि कॉम्प्युटरवर पहाटे पाचपासून ठोके धावत होते. दुपारी तर मोळी डोक्यावर घेऊन चढ चढल्यासारखे. मधूनमधून पाच-सहा घातक ठोके एकामागोमाग एक. बाकी वेळ दोन ठोक्यांतलं अंतर अगदी एकसारखं.

"हा शुगरचा पेशंट वाटतो," डॉक्टर म्हणाले. "यांना तर शुगर नाही. बोलवा त्यांना."

ज्ञानोबांनी एक-दोन प्रश्न टोलवले. मग गळाठले.

"साहेब, मशीन लई खाजवत व्हतं. म्हनून हिच्या अंगावर चढवलं."

"कावून?" डॉक्टर ओरडले. पुण्याचा माणूस, पण रागात त्याच्या 'का?'चं आमच्यासारखं 'कावून?' व्हायचं!

"ही म्हनली, आना हिकडं. मशीनला काय कळतंय कुनाचं काळीज हाय ते!"

मला हसू फुटलं. दाराशी मामाही तोंड दाबून उभे. कौसाबाईंनी प्रत्येक वायर बघून बघून बरोबर त्याच जागी चिकटवली होती. मला शिकायला सहा महिने लागले होते!

डॉक्टर मात्र हसत नव्हते. दाराजवळ पिशवी घेऊन उभ्या असलेल्या कौसाबाईंकडे ते पाहत होते.

"बाई, तुम्ही बसा इथं. छातीत दुखतं का कधी?"

"न्हाई."

"दम लागतो?"

"लागतोय की. समद्यालाच लागतोय."

"कधीच दुखलं नाही? आठवून बघा."

"दुखायला सवड कुटं हाय वो साहेब?"

मी तिथंच त्यांचं बोट टोचलं. शुगर इतकी, की मी दुसऱ्या मशीनवर पुन्हा तपासली. ईसीजी काढला. एक अटॅक कधीतरी येऊन गेलेला होता, न दुखता, न सांगता. शुगरवाल्यांत असं होतं. त्या दिवशी त्यांना घरी जाऊ दिलं नाही. डॉक्टर स्वतः अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसून त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. जाताना त्या एवढंच म्हणत होत्या, "आवं, घरी ह्यांच्या भाकरीचं कोन बगंल?" ज्ञानोबा बाकावर बसून होते.

कौसाबाई वाचल्या. दीड महिन्यानं दोघं तपासणीला आले. बाईंच्या चेहऱ्यावर तजेला, ज्ञानोबा जरा उतरलेले. डॉक्टर म्हणाले, "ज्ञानोबा, तुमचं रेकॉर्डिंग तर झालंच नाही. आता बांधा, आणि या वेळी स्वतःच्याच अंगावर!"

मी बांधलं. दुसऱ्या दिवशी वही आली. डॉक्टर मोठ्यानं वाचायला लागले. "पहाटे पाच, पाणी भरलं. सहा, चूल पेटवली. सात, भाकरी. नऊ, भांडी..."

त्यांनी वही टेबलावर आपटली.

"पुन्हा बाईंना बांधलंत?"

"न्हाई साहेब."

ज्ञानोबांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या टोकांना तव्याचे चटके, दोन फोड फुटलेले, एक नवीन. डॉक्टर त्या हातांकडे बघत राहिले. कौसाबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मी पट्टा सोडायला वाकले, तेव्हा ज्ञानोबांनी कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं मला विचारलं, "ताई, थापताना भाकर चिरतीया कावून?"