मायाक्कानं नेलेला सदरा

मायाक्का सोलापुरात आली तीच मुळी मनाविरुद्ध. नवऱ्याचे, म्हणजे बिरुदेवाचे, गुडघे गेले, सांगोल्याकडची मेंढरं विकावी लागली आणि मुलानं, अजिंक्यनं, दोघांना आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आणलं. मायाक्का रुळली. उशिरा का होईना, नळाला पाणी येतं म्हटल्यावर बाई रुळतेच. बिरुदेव मात्र भिंतीकडं तोंड करून पडला तो पडलाच. जेवा म्हटलं तर दोन घास, बोला म्हटलं तर मुका. एकदा तो गच्चीच्या कठड्याशी नुसताच उभा दिसला आणि मायाक्कानं त्याला दंडाला धरून खाली आणलं. तेव्हापासून गच्चीची किल्ली तिच्या कमरेला. पण ती भीती तिनं तोंडातून काढली नाही. असलं अभद्र बोलतं का कुणी!

शेजारच्या केराबाईनं तिला सांगितलं, "बुधवारी समाजमंदिरात एक बाई बसती. मन जड झालं की कुणीबी जावं. पैसं न्हाईत, नाव न्हाई सांगितलं तरी चालतंय की."

मायाक्कानं आपल्या परीनं अर्थ लावला. तिच्या गावाकडं देवऋष्याला विचारायला जाताना आजारी माणूस न्यावा लागत नाही, त्याच्या अंगातला कपडा पुरतो. फक्त तो धुतलेला नको. तिनं बिरुदेवाचा घामट सदरा पिशवीत कोंबला, वर नारळ ठेवला आणि निघाली. समाजमंदिरात चारसहा माणसं चहा पीत बसली होती आणि समुपदेशक म्हणून ऋतुजा नावाची जीन्समधली पोरगी! मायाक्काचा जीव खट्टू झाला. पण आलोच आहोत तर विचारून घ्यावं, म्हणून तिनं सदरा पुढं ठेवला. "ह्यो आमच्या मालकांचा. काय झालंय बघा."

ऋतुजा हसली नाही. आपण फिस्सकन हसलो असतो. तिनं सदऱ्याची नीट घडी घातली. "मावशी, मला कपड्यावरून नाही कळत. तुम्हीच सांगा, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मायाक्काला हुंदका फुटला. "त्ये जिवाचं काय तर करून घेतील गं बाई."

"मग त्यांना सरळ विचारा. विचारल्यानं ते मनात शिरत नाही. असलं तर बाहेर येतं. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, लगेच मला फोन करा. डॉक्टर आहेत आपल्याकडं."

घरी येऊन तिनं भाकरी वाढली आणि धीर करून विचारलं, "अवो, जीव द्यायचं येतंय का मनात?"

बिरुदेवानं हातातला तुकडा ताटात ठेवला. "येतंय," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. मायाक्काही रडली, पण छातीवरचा धोंडा सरकल्यासारखं झालं तिला. ऋतुजाला फोन गेला, अजिंक्य धावत आला, संध्याकाळी डॉक्टरांनी तपासून गोळ्या चालू केल्या.

पुढच्या बुधवारी बिरुदेव कुरकुरत जिना उतरला. समाजमंदिरातही भिंतीकडं तोंड करूनच बसला. तिथं नेहमी येणाऱ्या वळसंगच्या बसप्पानं सहज विचारलं, "पावणं, मेंढरं कसली हुती तुमची?" झालं! कुठली मेंढी खोडकर, कुठली मायाळू, बिरुदेव सांगतच सुटला. चहा निवला तरी गडी थांबेना. मायाक्का त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

बोलता बोलता त्याची नजर तिच्यावर पडली. तो थबकला. कितीतरी महिन्यांनी तो तिला नीट बघत होता.

"तू गं कवा इतकी वाळलीस? जेवत न्हाईस व्हय?"

मायाक्काला हसू आलं आणि रडूही. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "आता जेवीन की."