पोच घेणाऱ्या काकू

पहिला निबंध प्रोफेसरबाईंच्या हातात दिल्यावर काकू जागेवर परत गेल्या नाहीत. टेबलासमोर उभ्या राहिल्या, निबंधाची दुसरी प्रत पुढे धरली आणि म्हणाल्या, "पोच?"

बाईंना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्या वर्गात आम्ही दोघीच भारतीय होतो. मी सांगितलं, कागद मिळाला अशी सही हवी आहे त्यांना. बाई हसल्या. "पण मी तो हरवणार नाही."

मी मराठीत सांगितल्यावर काकू म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात." हात तसाच पुढे. शेवटी बाईंनी सही केली आणि खाली तारीख घातली. काकूंनी ती नीट वाचली, "महिना आधी लिहितात इथं," असं पुटपुटल्या आणि मगच वळल्या.

दोन हजार तीनचा जानेवारी होता. डेट्रॉइटजवळच्या एका गावात आम्ही नवीनच राहायला आलो होतो. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मी डिपेंडंट व्हिसावर. काम करायची परवानगी नव्हती, शिकायची होती. कम्युनिटी कॉलेजात जो वर्ग सकाळच्या वेळेत बसत होता त्यात मी नाव घातलं. तो निघाला 'अमेरिकन गव्हर्नमेंट', अगदी प्राथमिक. मला त्यात काडीचा रस नव्हता. घराबाहेर पडायचं होतं, एवढंच.

काकूंना मात्र तोच वर्ग हवा होता. वय बासष्ट. नागपूरकडच्या एका पंचायत समितीत तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेल्या. म्हणजे कचेरीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद त्यांच्या हातची. मुलगा इथला नागरिक झाला, त्यानं ग्रीन कार्ड करून आईला आणलं. आमच्याच अपार्टमेंटमध्ये दोन इमारती सोडून राहायच्या. नातवंडं शाळेत गेली की दिवस रिकामा. मुलगा म्हणाला, आई, योगा लाव, मंदिरात जा. काकू म्हणाल्या, "ज्याच्या राज्यात राहून राहिलो त्याचा कारभार कसा चालते ते तर पाहू."

तुम्ही अशा निवृत्त बाया पाहिल्या असतील. मान किंचित वाकडी, चष्मा नाकाच्या टोकावर, समोरच्याचं बोलणं ऐकता ऐकता त्यात कुठली सही राहिली आहे ते शोधणारी नजर. काकू साडीवर मुलाचं जुनं जाड जॅकेट घालायच्या, पायात बर्फाचे बूट. हात वर केला की दुसऱ्या हातानं कोपर धरून ठेवायच्या. बाई विचारेपर्यंत हात खाली येत नसे. आजूबाजूची एकोणीस-वीस वर्षांची मुलं आधी हसली. मार्चपर्यंत त्यांच्याच शंका काकूंकडे पोचायला लागल्या, कारण काकू प्रश्न विचारायला लाजत नसत.

घटनेतल्या पहिल्या दुरुस्तीचा धडा झाला तेव्हाची गोष्ट. बोलण्याचं स्वातंत्र्य, शांततेनं एकत्र जमण्याचा हक्क, सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क. बाई शिकवत होत्या आणि काकूंचा हात वर. "इथं 'पीपल' लिहिलं आहे. पीपल म्हणजे कोण? सिटिझन?"

बाई म्हणाल्या, "सिटिझन लिहायचं असतं तर घटना लिहिणाऱ्यांना तो शब्द माहीत होता."

काकूंनी ते वाक्य वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं. आमच्या अपार्टमेंटला लागून गावाची एक छोटी बाग होती. झोपाळे, घसरगुंडी आणि एका कडेला दोन बाक. मुलांकडे राहायला आलेले आजीआजोबा दुपारी तिथे जमायचे. कुणी साताऱ्याचं, कुणी इंदूरचं, दोन जोडपी आंध्रकडची. गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरचं इंग्रजी कळत नाही, मुलं-सुना कामावर. ते दोन बाक म्हणजे त्यांचं सगळं गाव.

एके दिवशी तिथे पोलिसांची गाडी आली. कुणीतरी फोन केला होता की अनोळखी माणसं तासन् तास इथे बसून मुलांकडे बघत असतात. अकरा सप्टेंबरनंतरचा तो काळच तसा होता. आमच्या रंगाच्या माणसाकडे लोक दोनदा पाहायचे. पोलीस तसा सभ्य होता. त्यानं ओळखपत्रं मागितली. कुणाकडेच नव्हती, सगळ्यांची घरी कपाटात. साताऱ्याचे आजोबा शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक होते. उभं राहून त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून ते घराबाहेर पडलेच नाहीत.

दोन आठवड्यांनी बाक नाहीसे झाले. सिमेंटमध्ये कापलेले बोल्ट तेवढे उरले.

आमच्या लोकांमध्ये यावर बरीच चर्चा झाली, पण ती एकमेकांच्या घरी. माझा नवरा म्हणाला, "यार, आपलं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. तू ह्यात पडू नकोस." काकूंचा मुलगा म्हणाला, "आई, इथे कोणी कोणाच्या भानगडीत पडत नाही. मी तुला घरामागच्या पॅटिओवर ठेवायला नवा बेंच ऑर्डर करतो."

"मला बाक नको," काकू म्हणाल्या. "का काढला ते लिहून पाहिजे."

त्यांनी अर्ज लिहिला. "रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह," अशी सुरुवात. मी म्हटलं, काकू, इथे असं लिहीत नाहीत. "साहेब सगळीकडे सारखेच असतात," त्या म्हणाल्या. मी त्यांना गाडीनं सिटी हॉलवर नेलं. खिडकीतल्या मुलीनं अर्ज घेतला. काकूंनी दुसरी प्रत पुढे केली. तिच्याकडे पोच देण्याची पद्धत नव्हती. काकूंनी तिच्या टेबलावरच्या तारखेच्या शिक्क्याकडे बोट दाखवलं. मुलीनं खांदे उडवले आणि शिक्का मारला.

उत्तर आलं नाही. तीन आठवडे वाट पाहून काकूंनी घरातली घडीची खुर्ची उचलली, बोल्ट होते बरोबर तिथे नेऊन मांडली आणि वर्गाचं पुस्तक उघडून बसल्या. पहिल्या दिवशी एकट्याच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. खाली जावं असं वाटलं आणि गेले नाही.

पोलीस पुन्हा आला. तोच होता. काकूंनी पुस्तक त्याच्याकडे फिरवून दाखवलं, बोट पहिल्या दुरुस्तीच्या ओळीवर. तो वाकून वाचत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, यू आर फाइन," आणि गेला. त्या संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "गुरुवारी सिटी कौन्सिलची मीटिंग आहे. कोणीही तीन मिनिटं बोलू शकते. तू चल. माझा शब्द अडला तर उभी राहा." मी हो म्हटलं.

सभागृहात साधारण तीसेक माणसं होती. माइकजवळ हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. काकूंनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, अर्जाची पोच वर धरली. बाकांची गोष्ट सांगायला लागल्या. इंग्रजी अडखळत होतं, पण थांबत नव्हतं. मध्येच एका सदस्यानं विचारलं, "मॅडम, आर यू अ सिटिझन?"

काकूंना त्याचे उच्चार कळले नसावेत. त्या मागे वळल्या आणि त्यांनी मला शोधलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "यांना कोणी मदत करू शकेल का?"

मी शेवटच्या रांगेत होते. मला उभं राहता आलं नाही. नवऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला, पुढे नाव विचारतील, ते कुठेतरी लिहिलं जाईल, असं काय काय मनात आलं. मी मान खाली घालून माझ्या चपलांकडे बघत बसले.

काकू पुन्हा माइककडे वळल्या. त्या सदस्याला म्हणाल्या, "अगेन. स्लोली." त्यानं प्रश्न पुन्हा विचारला.

"नो," काकू म्हणाल्या. "रेसिडेंट. बट युअर पेपर इज नॉट सेइंग सिटिझन. इट इज सेइंग पीपल." आणि छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आय ॲम पीपल."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. लाल दिवा लागला. अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. काकू हलल्या नाहीत. "ही आस्क्ड क्वेश्चन. दॅट टाइम इज हिज टाइम. नॉट माय टाइम." त्यांना आणखी एक मिनिट मिळालं आणि ते त्यांनी पूर्ण वापरलं.

परतताना गाडी मीच चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर काकूच म्हणाल्या, "भूक लागली का तुला? घरी भाकरी आहे." मला रडू फुटलं. माफी मागायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं.

"नवरा गेला तेव्हा मी सत्तावीसची होती," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी नोकरी मिळावी म्हणून अर्ज केला. तीनदा. तिन्ही वेळा म्हणाले, अर्ज आलाच नाही. मी तिथंच उभी राहून रडायची आणि घरी यायची. चौथ्यांदा एका शिपायानं सांगितलं, बाई, रडू नका, पोच घ्या." मग हिरवा दिवा लागला. "घाबरते तर घाबर. चाल आता, मागची गाडी हॉर्न देऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझी खुर्ची घेऊन बागेत गेले. इंदूरच्या आजी प्लास्टिकचं स्टूल घेऊन आल्या. आठवड्याभरात नऊ खुर्च्या झाल्या. वर्गातली दोन मुलंही एकदा येऊन गवतावर बसून गेली. काकू साताऱ्याच्या आजोबांच्या दारावर गेल्या आणि त्यांना घेऊनच आल्या. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात पासपोर्ट होता. काकूंनी तो काढून त्यांच्या सुनेच्या हातात दिला. "कपाटात ठेवा. बसायला पासपोर्ट लागत नाही."

जुलैत एक बाक परत आला. सोबत सिटी हॉलचं दोन ओळींचं पत्र, बाक देखभालीसाठी काढले होते म्हणून. काकूंनी ते वाचून घडी केलं. "खोटं आहे. पण सही आहे." त्या आठवड्यातच दुसऱ्या बाकाचा अर्ज गेला. तो बाक काही शेवटपर्यंत आला नाही आणि काकू दर तीन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवायच्या थांबल्या नाहीत.

कोर्समध्ये त्यांना ग्रेड म्हणून बी मिळाला होता. त्यांनी बाईंकडे अपील केलं, इंग्रजीचे मार्क कापा, राज्यकारभाराचे कापू नका. बाईंनी पेपर पुन्हा तपासला आणि बी प्लस दिला. मला ए मिळाला होता. तो मी कुणाला सांगितला नाही.

दोन हजार आठमध्ये गाड्यांच्या कंपन्यांतून माणसं कमी व्हायला लागली. काकूंच्या मुलाची नोकरी गेली, दुसरी मिळाली ती टेक्ससला. काकू म्हणाल्या, पुन्हा नव्या गावाला कोण समजावून सांगेल, मी नागपूरला बहिणीकडे जाते. ग्रीन कार्ड जाईल, मुलगा म्हणाला. "जाऊ दे. माणूस तर राहीन ना मी."

तीन वर्षांनी नागपूरहून त्या वारल्याची बातमी आली. बहिणीनं सांगितलं, आदल्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसात जाऊन आल्या होत्या.

मला मात्र त्या दिसतात त्या निघाल्या त्या दिवशी, डेट्रॉइटच्या विमानतळावर. अध्यक्षाच्या निवडणुकीचं वर्ष होतं ते. मुलानं त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. ती ढकलायला एक उंच, काळा, पन्नाशीचा माणूस आला. काकूंनी खुर्चीकडे पाहिलं, तिच्यात आपली पिशवी आणि जॅकेट ठेवलं आणि स्वतः शेजारून चालायला लागल्या. मुलगा मागून हाक मारत होता, आई, बस ना. त्यांनी वळून पाहिलं नाही. त्या माणसाकडे मान वर करून त्या काहीतरी विचारत होत्या. मला शेवटचं ऐकू आलं ते एवढंच, "नोव्हेंबरमध्ये व्होट करणार ना?" तो माणूस मान मागे टाकून हसला. मग रिकामी खुर्ची ढकलत, त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवत, त्यांना उत्तर द्यायला लागला.