ओली सहाण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्याच्यापायी हे घडलं त्या माझ्या मुलालाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही माझ्या सासूबाईंना ओळखत नव्हता, म्हणून असेल.

मी सदाशिव पेठेत वाढलेली. कॉम्प्युटर शिकलेली, हिंजवडीला नोकरी करणारी, आणि शहाणी — स्वतःच्या मते तर फारच. आई माझ्या लग्नाआधीच गेली, म्हणून बाळंतपणाला सासूबाई आल्या, अमरावतीजवळच्या त्यांच्या गावाहून. येताना सहाण आणि बाळगुटीची पुरचुंडी घेऊन आल्या. हिरडा, वेखंड, जायफळ, सगळं धुऊन वाळवलेलं. मी सगळ्यांदेखत हसले. डॉक्टरांनी बजावलंच होतं, आईच्या दुधाशिवाय बाळाला काही द्यायचं नाही. सासूबाईंनी निमूटपणे पुरचुंडी पिशवीत टाकली.

मग निखिल जन्मला आणि दोन-तीन दिवसांत पिवळा पडला. हॉस्पिटलात आमच्याच खोलीत त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, कमरेला फक्त लंगोट, आणि एवढासा जीव त्या उजेडात हातपाय झाडतोय. कावीळ फार चढली तर मेंदूला धोका असतो, असं डॉक्टर बोलून गेले. ते गेले पुढच्या खोलीत. मी त्या वाक्यातच अडकले. सासूबाई मला धीर द्यायला म्हणाल्या, आमच्याकडे हिरडा चाटवतात, पोट साफ झालं की कावीळ उतरते. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या पुढे बोलल्याच नाहीत.

आणि तरी — त्या आणि विनोद, म्हणजे माझा नवरा, खाली चहाला गेले तेव्हा मी उठले. टाके ओढत होते. सासूबाईंच्या पिशवीतून सहाण काढली, माझ्याच दुधात हिरडा उगाळला आणि बोटानं त्याला चाटवला. मी. हसणारी मी. भीतीनं माणूस काय करेल याचा नेम नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

दुपारी त्याला शी झाली. हिरवी, पाण्यासारखी. मग पुन्हा, मग पुन्हा. लंगोट बदलेपर्यंत दुसरा भिजायचा. त्याचे ओठ सुकलेले दिसले आणि मी बेल दाबली. मीच मारलं का याला? हे एकच डोक्यात. डॉक्टरांनी येऊन विचारलं, बाहेरचं काही दिलंत का?

टेबलावर सहाण होती. ओली. घाईत मी ती पिशवीत टाकायची विसरले होते.

विनोदनं सहाणेकडे बघितलं आणि मग आपल्या आईकडे. माझ्याकडे कुणी बघितलंच नाही — का बघतील? सासूबाई म्हणाल्या, "म्या नाई देल्लं रे." एवढंच. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. त्या चहाला गेल्या तेव्हा खोलीत दुसरं होतं कोण? त्या थांबल्या, मी बोलेन म्हणून. मी खाली मान घालून लंगोटांच्या घड्या घालत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विनोदनं त्यांना अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं.

तो त्यांना सोडायला गेलेला असतानाच डॉक्टर आले. म्हणाले, घाबरू नका, दिव्याखाली ठेवलेल्या बऱ्याच मुलांना अशी पातळ, हिरवी शी होते. कावीळच बाहेर पडते आहे त्यातून. अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, पाजत राहा. गुटी पुन्हा देऊ नका, पण हे काही त्या चाटणानं झालेलं नाही.

म्हणजे कुणाचाच दोष नव्हता. विनोद परत आला तेव्हा हे एवढं जरी सांगितलं असतं! पण मग त्यानं आईची माफी मागितली असती, त्यांनी पुन्हा मी दिलीच नाही म्हटलं असतं, आणि गुटी कुणी दिली, हा प्रश्न निघाला असता. मी म्हटलं, कावीळ उतरते आहे. त्यानं डोळे पुसले.

बारशाला सासूबाई पाहुण्यांसारख्या आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. ज्या हातांनी गावातली कितीतरी पोरं न्हाऊमाखू घातली, त्या हातांना माझ्या मुलाची एक अंघोळ मिळाली नाही. त्यांनी मला कधी जाब विचारला नाही, विनोदलाही काही सांगितलं नाही. फक्त एक सवय लागली त्यांना. आमच्या धायरीच्या घरी आल्या की निखिलला काहीही देण्याआधी, केळं असो, शेवेचा लाडू असो, त्या माझ्याकडे वळून विचारायच्या, "देऊ काय वं याले?"

तो कॉलेजात गेला, त्यांच्यापेक्षा हातभर उंच झाला, तरी. शेवटच्या आल्या तेव्हा संक्रांत होती. तो त्यांच्यासमोर वाकून उभा होता, हात पुढे करून. त्यांच्या मुठीत तिळगूळ होता. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

विनोद तिथेच होता. मी म्हटलं, "द्या की."

तेवढंच म्हटलं.