पिवळ्या फ्रॉकवाली

बोरीवलीच्या त्या सोसायटीत बोहारीण यायची ती सोमवारी, ऐन दुपारी. कंकूबेन तिचं नाव. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं. तीन बिल्डिंगांत मिळून तिला दारात उभं करणारी आता दोनच घरं उरली होती, आणि त्यातल्या एका घरावर तिचा कायमचा राग होता. ते घर शेवंती परबचं. शेवंती कपडा देण्याआधी कात्री घ्यायची आणि त्याला वीतभर काप द्यायची. नवऱ्याचा शर्ट असो, परकर असो, नाहीतर लेकीचा शाळेचा फ्रॉक असो, पाठीवर मधोमध कात्री चालवायची आणि मगच तो कपडा पुढे करायची.

"चांगल्या मालाचा सत्यानाश करते बाई तू," कंकूबेन दर वेळी करवादायची. "मागते पातेलं आणि देते चिंधी!" मग पातेल्याच्या जागी वाटी मिळायची. शेवंती वाटी घ्यायची, पण कात्री सोडायची नाही. कुणी विचारलंच तर सांगायची, अंगावरचा कपडा अख्खा देऊ नये, त्यावर कुणी करणी करतं.

आणि नेमकी याच घरात दुसऱ्यांच्या जुन्या कपड्यांवर जीव टाकणारी पोरगी जन्माला आली. जान्हवी अंधेरीच्या एका कॉलेजात फॅशन डिझाईनच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गातल्या बाकीच्या मुली मॉलच्या पिशव्या मिरवत यायच्या. ही रविवारी सकाळी बेव्हर्लीला सोबत घेऊन कुर्ल्याच्या एका गल्लीत जुन्या कपड्यांच्या ढिगांत कोपरापर्यंत हात घालून बसायची. बेव्हर्ली मरोळच्या गावठाणातली, हिची वर्गमैत्रीण. ती नाकाला रुमाल लावून उभी राहायची. "यार, बस कर ना आता. बाकी सगळे ढीग इतके दिवस थांबलेत, अजून एक आठवडा थांबतील."

पण जान्हवीला थांबवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. ती आधी हातानेच कापड ओळखायची, मग ओढून काढायची आणि सरळ उलटं करायची. कपडा बाहेरून बघून काही कळत नाही, आत बघावं, असं तिचं म्हणणं. कुणीतरी कंबर दोनदा वाढवून घेतलेली असे. कुणी कॉलर झिजल्यावर ती उसवून, पालटून पुन्हा लावलेली असे. खिशात कधी बसचं तिकीट, कधी खोकल्याची गोळी, एकदा तर कुणाचा दुधाचा दात. ते सगळं ती एका वहीत चिकटवून ठेवायची. माणसं फोटोत खोटं हसतात, खिशात मात्र खरी सापडतात, हे वाक्य तिने त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. मुलगी हुशार होती, यात वादच नाही. हुशारीनेच घात केला.

आणलेले कपडे ती बेव्हर्लीकडे कढत पाण्यात डेटॉल घालून धुवायची, त्यांच्या अंगणात वाळवायची आणि एखाद्या दुकानाच्या कोऱ्या पिशवीत घालून घरी आणायची. आईने विचारलं की ठरलेलं उत्तर, "सेलमध्ये घेतलं." हे उत्तर दोन वर्षं चाललं. शेवंती घरी साड्यांना फॉल-पिको करायची, आजूबाजूच्यांचे ब्लाऊज सैल-घट्ट करून द्यायची. अशा बाईपुढे जुना कपडा नवा म्हणून खपवायचा म्हणजे मांजरापासून दुधाचं भांडं लपवण्यातला प्रकार. तिला कळत नव्हतं असं नाही, पण लेकीवर विश्वास टाकायची तिला सवय होती.

एका संध्याकाळी जान्हवीने कॉर्डरॉयचं जाकीट आणलं, तपकिरी, हाताला मऊ. शेवंतीने ते उचललं, अस्तर बघितलं, बाहीच्या टोकाला बोट फिरवलं.

"ही टीप उसवून पुन्हा मारलेली हा. कोणाचा हा ह्या?" रागावली की तिच्या बोलण्यात मालवणी यायचं.

"माझं."

"तुझं आता. आधी कोणाचं होतं?"

चोराच्या मनात चांदणं. जान्हवी एकदम चिडली. "अगं आई, सगळं जग थ्रिफ्ट करतं आता, जुनंच घेऊन घालतं! फॅशन आहे ती. मोठमोठ्या लोकांची पोरं घालतात. त्यात लाज कसली?"

शेवंतीने मशीनवरची साडी बाजूला केली आणि खाली बसली. मग तिने जे सांगितलं ते आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

वडील कामाला होते ती गिरणी बंद पडल्यावर शेवंतीची आई मुलुंडला एका घरी धुणीभांडी करायला लागली. त्या घरची मुलगी दीप्ती शेवंतीच्याच वयाची, आठ-नऊ वर्षांची. तिचे कपडे लहान झाले की शेवंतीला यायचे. एकदा पिवळा फ्रॉक आला, पांढऱ्या कॉलरचा. एवढा सुंदर कपडा शेवंतीने आयुष्यात घातला नव्हता. दीप्तीच्या वाढदिवसाला बशा धुवायला आईबरोबर जाताना तिने तोच घातला. वेणी घालून, पावडर लावून गेली. खोलीत पंधरा-वीस मुलं. दीप्तीने तिला बघितलं आणि म्हणाली, हा माझा फ्रॉक आहे. कुणाला पटेना. मग तिने शेवंतीचे खांदे धरले आणि तिला सगळ्यांसमोर गरकन वळवलं. "बघा, मागे शाईचा डाग आहे की नाही? तो माझ्याच पेनाचा आहे." डाग होता. मुलं हसली. कुणी वाईट नव्हतं त्यात, मुलंच ती. शेवंती तशीच पाठ करून उभी राहिली, कारण पुढे वळायचं कसं ते तिला सुचेना.

"म्हणून मी काप देते गो," ती म्हणाली. "आपला कपडा दुसऱ्याचं पोर घालणार. उद्या वाटेत कोणी म्हणायला नको, हा माझा होता. कापलेला असला की त्याचं पायपुसणं होतं, नाहीतर कोणी जोडून, रंगवून वेगळं काही करतं. ओळखू तरी येत नाही." मग जाकिटाची घडी घालत म्हणाली, "तुला घालायचं तर घाल. पण ह्या कोणाक सांगू नको. तुझ्या बाबांनाही ठाऊक नाही."

"नाही सांगणार गं," जान्हवी म्हणाली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडलीसुद्धा. ते रडणं खरं होतं, हे लिहायलाच हवं.

पुढच्याच महिन्यात शेवटच्या वर्षाच्या कलेक्शनचं काम सुरू झालं. सहा पोशाख करायचे. ज्याचं कलेक्शन पहिलं येईल त्याला अंधेरीतल्या एका नामांकित डिझाईन स्टुडिओत थेट जागा. जान्हवीला ती जागा हवी होती, अगदी पोटातून हवी होती. तिच्यामागे ना बापाचा कारखाना होता ना मामाचं बुटीक. ही एक जागा गेली असती तर ती आईच्या शेजारी दुसरं मशीन टाकून फॉल लावत बसली असती, आणि हे तिला स्वच्छ दिसत होतं.

तिने जुन्या कपड्यांचे सहा पोशाख कागदावर मांडले. रश्मी मॅडमनी पानं उलटली. या मॅडम शिकवायला चांगल्या होत्या, मनानेही चांगल्या होत्या. अशी चांगली माणसं कधीकधी फार महागात पडतात.

"जान्हवी, थ्रिफ्ट आता सगळेच करतात. हात छान आहे तुझा, पण यात स्टोरी कुठेय? तुझी स्वतःची?"

"आहे ना, मॅम. खिशात सापडलेल्या वस्तू…"

"त्या दुसऱ्यांच्या. तुझ्या घरातलं काय आहे?"

जान्हवी कागदाची कड दुमडत, उलगडत राहिली. एक मिनिट, फार तर दोन. मग तिने सांगितलं. फ्रॉक, शाईचा डाग, गरकन वळवणं, कात्री, कंकूबेन, सगळं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं वेडे," त्या म्हणाल्या, "हे घेऊन बसलीस इतके दिवस?"

त्यानंतर काम सुसाट निघालं. सहा पिवळे पोशाख, हळदीच्या पिवळ्यापासून विटक्या पिवळ्यापर्यंत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर मधोमध एक काप. कापाच्या कडा सुटू नयेत म्हणून त्यांना हाताने बारीक टाके घालायला हवे होते. तेवढा सफाईदार हात वर्गात कुणाचा नव्हता. घरात मात्र होता. शेवंती पंधरा दिवस खिडकीत बसून ते काप शिवत होती.

"पाठीक काप कशाला गो?" तिने एकदा विचारलं.

"डिझाईन आहे, आई."

शेवंतीने सुईतला दोरा दाताने तोडला आणि पुढचा काप हातात घेतला. तिला संशय आला होता का? तिने तो कधी बोलून दाखवला नाही. लेकीचं काम होतं, तिने ते जीव ओतून केलं.

शोची तारीख जान्हवीने घरी सांगितलीच नव्हती. पण बेव्हर्ली पोशाख न्यायला आली आणि साधेपणाने बोलून गेली, "आंटी, शनिवारी येताय ना तुम्ही? तुमच्याशिवाय कसं चालेल?" झालं. शेवंतीने त्याच दिवशी आकाशी रंगाची नवी साडी घेतली, स्वतःच तिला फॉल लावला. जान्हवीने मनाशी हिशोब केला की गोष्ट छापलेलं माहितीपत्रक इंग्रजीत आहे, निवेदनही इंग्रजीत असणार. आईला काय कळणार आहे त्यातलं? लेकीने आईच्या अडाणीपणावर भरवसा ठेवला. याहून वाईट भरवसा मी तरी पाहिलेला नाही.

शनिवारी हॉल भरलेला होता. सहा मुली सहा पिवळे पोशाख घालून आल्या, रॅम्पच्या टोकाला जाऊन थांबल्या आणि एकदम वळल्या. सहा पाठी, सहा काप. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. पहिला नंबर जाहीर झाला तेव्हा शेवंती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

मग रश्मी मॅडमनी माईक घेतला. "आज जान्हवीच्या आई इथे आल्यात. त्यांच्यासाठी मी हे मराठीत सांगते." आणि त्या चांगल्या बाईने, चांगल्या मनाने, सगळी गोष्ट मराठीत वाचून दाखवली. मुलुंडचं घर. बशा. दीप्तीचं नावसुद्धा. "ती पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी आज आपल्यात आहे. शेवंतीताई, प्लीज वर या."

जान्हवी पडद्याच्या कडेला उभी होती. तिला आईचा चेहरा दिसला. टाळ्या वाजवणारे हात तसेच हवेत थांबलेले होते. शेजारी बाबा, चंद्रप्रकाश परब, बायकोकडे असे बघत होते जणू ही बाई त्यांना आत्ताच भेटली. कुणीतरी शेवंतीला हाताला धरून वर आणलं. दिवे डोळ्यांवर, सगळा हॉल उभा. फोटोवाला खालून ओरडला, "मॅम, एक मिनिट, जरा मागे वळता का? मुलींसारखं? मस्त फोटो येईल."

आणि शेवंती वळली. पाठ करून उभी राहिली. फोटो झाला तरी तशीच उभी होती. शेवटी बेव्हर्लीने धावत वर जाऊन तिला खांद्याला धरून खाली नेलं.

घरी आल्यावर शेवंतीने आकाशी साडी सोडली, घडी घालून कपाटात ठेवली. ती ओरडली असती, शिरा पडो तुझ्या तोंडार म्हणाली असती, तर बरं झालं असतं. जान्हवीने दोनदा "आई, सॉरी ना" म्हटलं, "लोकांना किती आवडलं बघ तरी" म्हटलं, आणि फोनवर आलेले पिवळे फोटो पुढे केले. शेवंतीने फोन हळूच बाजूला सारला आणि तांदूळ निवडायला घेतले.

सोमवारी दुपारी कंकूबेन आली. शेवंतीने कपाटातून आकाशी साडी काढली. एकदाच नेसलेली, घडीची चूण अजून कडक होती. दारात उंबऱ्याशी बसून तिने कात्री घेतली आणि पदरापासून खाली काप द्यायला सुरुवात केली. नेहमीसारखा वीतभर नाही, पार टोकापर्यंत.

"अरे बाई, नवी साडी!" कंकूबेनने तिचा हात धरला. "डोकं फिरलं काय? अख्खी दे, मोठा डबा देते."

"अख्खी नको." शेवंतीने हात सोडवून घेतला. जान्हवी मागे उभी होती, तिला दिसत होतं, तरी शेवंती वळली नाही. "उद्या कोणाच्या अंगावर दिसली तर कोण तरी म्हणायचा, ही त्या पिवळ्या फ्रॉकवालीची."

कंकूबेनने कपाळाला हात लावला, फाटलेलं बोचक्यात कोंबलं आणि पाटीतला सगळ्यांत लहान डबा काढून उंबऱ्यावर ठेवला.

पुढच्या महिन्यात जान्हवी स्टुडिओत रुजू झाली. आईने पहिल्याच दिवशी त्याच डब्यात पोळीभाजी भरून दिली आणि रोज देते. भाजीत मीठ बरोबर असतं, पोळीला तूप असतं, एवढंच दोघींत उरलंय. पहिल्या दिवशी जेवायच्या सुट्टीत शेजारच्या मुलीने डबा उचलून बघितला. "किती क्यूट आहे! व्हिंटेज ना? काहीतरी स्टोरी असणार याची."

जान्हवीने डबा तिच्या हातातून काढून घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "सेलमध्ये घेतला."