लिव्हरवाली रायफल आणि सोन्याच्या पाटल्या

बेसिंगस्टोकला घर घेतल्यावर आपले लोक पहिल्या वर्षी मागच्या बागेत कोथिंबीर लावतात आणि दुसऱ्या वर्षी घरामागे काचेची कन्झर्व्हेटरी बांधायला काढतात. मी रायफल घेतली. का घेतली, हे आजवर मला कुणालाच पटवून देता आलेलं नाही. कॉलेजात एनसीसीत असताना थोड्या गोळ्या झाडल्या होत्या. त्यांतली एक शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर लागली आणि त्याला बक्षीस मिळालं, एवढाच माझा पूर्वानुभव.

ऑफिसात माझ्या शेजारी एक वयस्कर इंग्रज कलीग बसायचा. डेटाबेस सांभाळायचा, निवृत्तीला आलेला होता आणि दिवसाला जेमतेम दहा वाक्यं बोलायचा. त्याने एका शनिवारी मला सरे परगण्यातल्या आपल्या रायफल क्लबच्या गेस्ट डेला नेलं. गवतावर पालथं पडायचं, कान झाकून घ्यायचे, लांबवरच्या कागदाकडे बघत राहायचं. अख्ख्या सकाळीत मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही. प्रोजेक्ट मॅनेजरला आणखी काय हवं असतं? मी क्लबात नाव घातलं, उमेदवारीचा काळ काढला आणि यथावकाश पोलिसांचा परवाना मिळवला.

क्लबात बहुतेकांकडे बोल्टच्या, म्हणजे वरची दांडी मागेपुढे सरकवायच्या, रायफली होत्या. मी घेतली ती लिव्हरची. मुठीखालचं लोखंडी कडं खाली ढकलायचं आणि वर ओढायचं, की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. लोकांना वाटतं, वेस्टर्न सिनेमात असते तीच. तीही नव्हे. सिनेमातल्या रायफलीला मागे अंगठ्याने ताणायचा घोडा असतो आणि नळीखाली गोळ्यांची दुसरी नळी असते. माझ्या रायफलीला बाहेरून घोडाच नव्हता. गोळ्या पोटातल्या एका फिरत्या रिळात बसायच्या आणि डाव्या अंगाला बारीकशी खिडकी होती, तिच्यात आत किती उरल्या त्याचा आकडा दिसायचा. महायुद्धाच्या आधी अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी केलेली वस्तू. डीलर म्हणाला, इंग्लंडात अशा फारशा बघायला मिळत नाहीत. मी समजलो, दुर्मिळ आहे. कुणी घेत नाही, ही त्यातली दुसरी शक्यता घरी आल्यावर सुचली.

लिव्हर खाली ढकलायची तर खाली जागा लागते, हेही घरी आल्यावरच सुचलं. इंग्लंडात रेंजवर सगळे पालथे झोपून नेम धरतात. पहिल्याच दिवशी लिव्हर जमिनीवर आपटली आणि मधे माझी बोटं. मग प्रत्येक गोळीनंतर मी रायफलीसकट कुशीवर वळायचो, लिव्हर मारायचो आणि पुन्हा पालथा व्हायचो. कलीग म्हणाला, त्याचा नातू पाळण्यात अगदी असंच करतो. क्लबाने मला काउबॉय म्हणायला सुरुवात केली. मी त्यांना सांगितलं, एका वर्गणीत काउबॉय आणि इंडियन दोन्ही मिळतायत, तक्रार कसली करता? हा विनोद मी पुढे पाच वर्षं केला. पहिल्यांदा ते हसले होते.

हरणाची गोष्ट सांगून टाकतो, कारण ती नाहीतर कलीग सांगतो. त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात हरणं कमी करायची होती, तेव्हा तो मला बरोबर घेऊन गेला. बराच वेळ कुंपणाशी गारठून बसल्यावर समोर एक मादी आली. मी नेम धरला आणि त्यानंतरचं मला फक्त एवढंच आठवतं, की मी फार चपळाईने काम केलं. भानावर आलो तेव्हा खिडकीत शून्य दिसत होतं. मी कुजबुजत विचारलं, लागली का? कलीगने माझ्या गुडघ्याजवळच्या गवतातून एकेक गोळी वेचायला सुरुवात केली. सगळ्या नव्याकोऱ्या. मी लिव्हर सपासप मारली होती, ट्रिगरला मात्र बोटही लावलं नव्हतं. मादी थोडा वेळ आमच्याकडे बघत चरली आणि मग निघून गेली. घरी ही हकीकत ऐकून बायकोने फ्रीजरमध्ये मोकळा करून ठेवलेला खण परत मटारने भरला.

आता मुद्द्याचं. इंग्लंडात रायफल घरी ठेवायची तर भिंतीत बोल्ट मारलेलं पोलादी कपाट लागतं. माझं जिन्याखाली होतं, गॅसच्या मीटरच्या आणि कणकेच्या पोत्याच्या मधे. त्या कपाटाची किल्ली फक्त परवानाधारकाच्या हाती असावी लागते. ती कुठे असते हे घरात दुसऱ्या कुणाला माहीतसुद्धा असता कामा नये, बायकोलाही नाही. पहिल्या वेळी चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने हे दोनदा बजावलं होतं. नियम चांगलाच आहे. पण मराठी घरात बायकोला ठाऊक नसलेली एक किल्ली, ही कल्पना ज्याने कायदा केला त्याच्या डोळ्यांसमोर नसावी.

तरीही सुरुवातीला सगळं नीट चाललं होतं. मग लंडनच्या हाउन्सलोकडे एकामागून एक देशी घरं फोडून चोरांनी सोनं नेलं, असं ईलिंगच्या मैत्रिणींकडून घरी कळलं. बायको एके संध्याकाळी जिन्याखाली उभी राहून कपाटाकडे बघत म्हणाली, "एवढी तिजोरी आणून भिंतीत ठोकलीस, आणि तिच्यात काय ठेवायचं, तर लोखंड?"

मी कपाट उघडलं. तिच्या पाटल्या, तोडे आणि मोठं मंगळसूत्र जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून मी रायफलीशेजारी ठेवून दिलं.

पुढचं व्हायचंच होतं. ईलिंगला तिच्या मैत्रिणीच्या मुलीचं बारसं होतं आणि मी त्या दिवशी किल्ली खिशात घालून रेंजवर कुशीवर वळत होतो. बायको मोकळ्या हातांनी गेली. तिथे कुणीतरी, सगळं ठीक आहे ना गं, असं काळजीने विचारलं. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, की यापुढे असं होणार नाही. मी किल्ली जुन्या बुटात लपवली, तिने दुसऱ्या दिवशी शोधली. मी ती शब्दकोशाच्या मागे ठेवली, तीही शोधली. मी लपवायचो, ती हवं तेव्हा सोनं काढून घालायची, परत ठेवायची, किल्ली होती तिथे जायची आणि याबद्दल आम्ही दोघंही बोलायचो नाही. संसारात अशा पुष्कळ व्यवस्था असतात. यातली एक बेकायदेशीर होती, इतकंच.

परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाची वेळ आली आणि तोच अधिकारी घरी येणार असल्याचा फोन आला, तेव्हा मला आधी किल्ली आठवली. किल्लीचं कळलं तर परवाना जाणार आणि परवान्याबरोबर रायफल. मी बायकोला म्हटलं, त्याने विचारलं तर फक्त माहीत नाही म्हण.

"मी ऑडिटमध्ये काम करते," ती म्हणाली. "पोलिसाने विचारलं तर मी खोटं सांगणार नाही. तू लपव की नीट, म्हणजे मला खरंच माहीत नसेल."

बोलणं अगदी तर्कशुद्ध होतं. मी विचार केला, हिचा हात कुठे जात नाही? व्हॅक्यूम क्लीनर. ते काम माझं, शनिवारचं. अधिकारी यायच्या दिवशी सकाळी मी किल्ली त्याच्या पोटात, पिशवीच्या मागे सरकवली आणि समाधानाने दूध आणायला बाहेर पडलो.

आता, घरी पोलिस येणार म्हटल्यावर मराठी बाई काय करते? ती घर झाडते. मी कोपऱ्यावरच्या दुकानात असताना तिने व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला, आत काहीतरी खुळखुळलं, तिने तो उघडला. मी आल्यावर किल्ली माझ्या हातात द्यायची असं तिने ठरवलं होतं. पण मी आणि अधिकारी दारात एकदमच पोचलो. बेल वाजली तेव्हा ती व्हॅक्यूम क्लीनर जिन्याखाली परत ठेवून किचनमध्ये किल्ली हातात घेऊन उभी होती. तिने समोर दिसलं त्यात ती टाकली आणि दार उघडलं.

यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. अधिकारी पूर्वीसारखाच भारदस्त आणि नम्र होता. बूट न सांगता काढून ठेवले, किचनच्या टेबलाशी बसला, चिवडा आवडल्याचं सांगितलं. मग म्हणाला, आता कपाट बघू या का सर? मी त्याला इथेच बसा म्हटलं आणि जिन्याखाली शिरून पाठमोरा होत व्हॅक्यूम क्लीनर उघडला. पिशवीमागे काही नव्हतं. पिशवीत हात घातला. मग कोपरापर्यंत घातला. बाहेर आलो तेव्हा माझे दोन्ही हात राखाडी झाले होते आणि मिशीला धूळ होती.

"सावकाश होऊ द्या," अधिकारी म्हणाला.

बायकोच्या लक्षात आलं. ती त्याच्या कपात चहा ओतत, पाहुण्याला साखर विचारावी इतक्या सहज स्वरात मला मराठीत सांगू लागली. अडचण अशी, की इतकी वर्षं इथे काढल्यावर आमच्या मराठीत क्रियापदं तेवढी मराठी उरली होती. ‘की’ म्हटलं असतं, ‘कबर्ड’ म्हटलं असतं, तर त्या माणसाला सगळं कळलं असतं. ती एकेक शब्द शोधत होती.

"तू शोधतोयस ती वस्तू," ती म्हणाली, "माझ्या मागे आहे. अन्न गरम करायच्या पेटीत."

मला खरोखर अर्थबोध झाला नाही. पेटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हार्मोनियम आली. मी विचारलं, कसली पेटी?

"अरे, विजेवर चालणारी. उरलेली भाजी ठेवतो, ती गोल फिरते."

"अच्छा, मायक्रोवेव्हमध्ये?" मी म्हणालो.

अधिकाऱ्याने कप खाली ठेवला आणि मान वळवून मायक्रोवेव्हकडे पाहिलं. मग तो उठला, बायकोला विचारून त्याचं दार उघडलं, काचेच्या तबकडीवरची किल्ली दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि टेबलावर चिवड्याच्या बशीशेजारी ठेवली.

त्याने आधी कपाट उघडायला सांगितलं. किल्लीच्या नादात सोनं काढून ठेवायचं माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. रायफल उभी होती आणि साडीच्या तुकड्याचं गाठोडं तिच्या लिव्हरला लटकवलेलं होतं, कारण बायकोला ते तिथे सोयीचं पडायचं. अधिकाऱ्याने गाठोडं बाजूला धरून रायफलीचा नंबर पडताळला, गाठोडं परत जागेवर लटकवलं आणि मला थोडा वेळ पुढच्या खोलीत बसायला सांगितलं. त्याला माझ्या बायकोशी एकटीशी बोलायचं होतं.

मी सोफ्यावर बसून राहिलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. पाच वर्षं तिने त्या रायफलीबद्दल एकही चांगला शब्द काढला नव्हता. तिच्या मैत्रिणींचे नवरे गोल्फ खेळायचे, एकजण तर भजनाला जायचा. आता तिने नुसतं, घरात नको, एवढं म्हटलं असतं तरी विषय संपत होता आणि त्यासाठी तिला खोटंही बोलावं लागलं नसतं.

अधिकारी बाहेर आला, बूट घातले आणि निकाल सांगितला. रायफल त्याच दिवशी डीलरकडे जमा करायची. कपाटाला आकड्यांचं कुलूप बसवायचं, नंबर फक्त मला माहीत हवा. सोन्याची सोय वेगळी करायची. हे सगळं झाल्यावर तो पुन्हा येऊन बघणार आणि मग ठरवणार. आवाज जराही चढवला नाही. जाताना त्याने बायकोचे चहासाठी आभार मानले. माझे मानण्यासारखं काही नव्हतं.

डीलरकडून रिकाम्या हाताने परतल्यावर मी तिला विचारलं, त्याने काय विचारलं?

"विचारलं, नवऱ्याची कधी भीती वाटते का, ही वस्तू घरात नको आहे का? मोकळेपणाने सांगा म्हणाला."

"मग?"

"किल्ली मला नेहमीच माहीत असते हे सांगितलं. ते खरंच आहे. भीती वाटत नाही, हेही सांगितलं. म्हटलं, या माणसाला घरात काही लपवता येत नाही. किल्ली नाही, राग नाही, काहीच नाही. आणि हरणाचं सांगितलं."

"हरणाचं कशाला?"

"तो हसला ना तेव्हाच. त्याआधी नुसता लिहीत होता."

अधिकारी ठरल्याप्रमाणे परत आला, कुलूप पाहिलं, बँकेच्या लॉकरची पावती पाहिली आणि परवाना वाढवून मिळाला. रायफल घरी आणली त्या संध्याकाळी कुलपाला नंबर द्यायचा होता. लग्नाची तारीख चालणार नव्हती, वाढदिवस नाही, पुण्याच्या घराचा पिनकोड नाही. तिला सुचणार नाही असा आकडा म्हणजे मलाही आठवणार नाही असाच आकडा. जिन्याखाली वाकून मी बराच वेळ विचार केला आणि शेवटी एक निवडला. पहिलं बटण दाबलं तर कुलपाने घरभर ऐकू जाईल अशी शिट्टी मारली. प्रत्येक आकड्याचा सूर निराळा होता.

त्याच क्षणी किचनमध्ये मिक्सर सुरू झाला. मी उरलेले आकडे भराभर दाबले, कपाट बंद केलं, तरी तो चालूच होता. आत जाऊन पाहिलं तर ती माझ्याकडे पाठ करून, मिक्सरच्या झाकणावर हात ठेवून उभी होती. भांडं रिकामं होतं.

"झालं?" तिने न वळता विचारलं.

झालं म्हटल्यावर तिने मिक्सर बंद केला.