सुनंदाचा अर्ज

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रालाही नाही. मग तुम्हालाच का, असं विचाराल तर — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

आम्ही बडोद्याचे. घराणं मूळ नागरवाड्यातलं, पणजोबा संस्थानच्या नोकरीत होते. आमच्याकडे कुठलंही लग्न असो, एखादे काका पणजोबांच्या पगडीची गोष्ट काढतातच, आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, ‘आणि हा आमचा सचिवालयात!’ आता सचिवालयात मी काय मोठा तीर मारत होतो? महेकम शाखेत बसायचो. महेकम म्हणजे आस्थापना, लोकांच्या बदल्या, रजा, नेमणुका. दिवसभर दुसऱ्यांच्या बदल्यांचे कागद हलवायचे. पण तो ‘सचिवालयात’ शब्द ऐकला की छाती फुगायची. खोटं कशाला बोलू? आधीच पुष्कळ बोललोय.

नोकरी गांधीनगरला, घर बडोद्याला. सुनंदा, माझी बायको, तिथल्याच गोरव्याच्या शाळेत शिकवते. तिनं नोकरी सोडून यावं असं म्हणायची माझी छाती नव्हती, आणि — हेही सांगून टाकतो — इच्छाही नव्हती. शनिवारी तीन तास बस, रविवार घरी, सोमवारी पहाटे परत. आमची जुई लहान असताना मला ‘रविवारचे बाबा’ म्हणायची. सगळे हसायचे, मीही हसायचो. आणि कोणी विचारलं, बदली का नाही मागत, तर माझं ठरलेलं उत्तर: ‘अहो, मागतो की! सरकार सोडत नाही.’

तीन वर्षांपूर्वी सरकारनंच ठरवलं की सगळी कार्यालयं राजधानीत कोंबून ठेवायची काही गरज नाही. आमच्या खात्याचा काही भाग बडोद्याला हलणार होता. प्रत्येक शाखेतून एकानं जायचं. ज्याचं गाव बडोदं त्याला आधी विचारायचं, तो नाही म्हणाला तर सर्वांत कनिष्ठ माणूस जाणार. साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. ‘तमारे तो लॉटरी लागी, भई!’ म्हणाले आणि विकल्पाचा कागद समोर ठेवला. संमत किंवा असंमत, एकावर खूण करायची.

मी असंमतवर खूण केली.

का? गांधीनगरला मला सरकारी क्वार्टर होतं, दारात दोन कडुलिंब, संध्याकाळी कॅरम. चहा केला तर केला, नाही तर नाही. बडोद्याचं ऑफिस म्हणजे भाड्याच्या इमारतीचा तिसरा मजला, खाली टायरचं दुकान. काकांना काय सांगणार, टायरच्या दुकानावर बसतो म्हणून? एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर तेच सांगितलं असतं.

घरी फोन करून म्हणालो, माझं नाव यादीत आलं नाही. उलट सुनंदानंच मला धीर दिला! ‘जाऊ दे, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.’

माझ्याऐवजी रेखाबेन गेल्या. आमच्या शाखेतल्या सर्वांत कनिष्ठ. नवरा आणि पाच वर्षांचा मुलगा गांधीनगरला ठेवून गेल्या. आणि राहायला कुठे? आमच्याच घरी. माझ्या ऑफिसातली बाई परक्या गावात खोली शोधत फिरते हे सुनंदाला कसं बघवणार? मागची खोली तिनं रिकामी करून दिली. मी काय सांगून अडवलं असतं? रेखाबेनच्या आदेशात स्वच्छ लिहिलं होतं की माझ्या असंमतीमुळे त्यांची नेमणूक होत आहे. तो आदेश त्यांच्या बॅगेत होता, बॅग माझ्या घरात. सुनंदा त्यांना वरण-भात वाढता वाढता म्हणायची, ‘आमच्या ह्यांना बघा ना, सरकार सोडतच नाही.’ रेखाबेन मान खाली घालून जेवायच्या. एकदा जिन्यात मला एकट्याला गाठून म्हणाल्या, ‘कहेवुं होय तो तमे कहो, हुं नहीं कहुं.’ सांगायचं तर तुम्ही सांगा, मी सांगणार नाही. शनिवारी मी बडोद्याला यायचो, रेखाबेन मुलाकडे गांधीनगरला जायच्या. आमच्या बसेस वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडत असतील.

पण हे अजून सगळं नाही. इथवर तर रेखाबेनना ठाऊक आहे.

सुनंदानं मला न सांगता सरकारला अर्ज केला होता. पती-पत्नीला एका गावी ठेवावं म्हणून. शाळेच्या रेघी कागदावर, डावीकडे समास सोडून, तिच्या त्या सुरेख अक्षरात. आता असे अर्ज कोणत्या शाखेत येतात, सांगा बघू? टपालाच्या गठ्ठ्यातून तो माझ्याच टेबलावर आला. ‘मुलीला वडील फक्त रविवारी भेटतात,’ असं लिहिलं होतं त्यात. नियम असा की कागद स्वतःबद्दलचा असेल तर वर पाठवून बाजूला व्हायचं. मी तो दोनदा वाचला, कोपऱ्यात ‘दप्तरी दाखल’, म्हणजे पुढे काही करायचं नाही, असा शेरा मारला आणि फायलीत लावून टाकला. मग खाली जाऊन चहा प्यालो. चहा प्यालो हो! माणूस इतका हलकट असू शकतो? असू शकतो. तिनं उत्तराची वर्षभर वाट पाहिली. मला कधी बोलली नाही. मला वाईट वाटेल म्हणून असेल.

यंदा बडोद्यासाठी पुन्हा विचारणा झाली. या वेळी सगळ्यांत आधी मी संमतीचा कागद दिला आणि रेखाबेनशी अदलाबदली मागितली. गुरुवारी दोन्ही आदेश निघाले. मी उद्यापासून टायरच्या दुकानावर. रेखाबेनचा मुलगा आता आठ वर्षांचा आहे. त्या आज मागच्या खोलीत सामान बांधताहेत आणि गुणगुणताहेत. तीन वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. सुनंदानं सोसायटीत वाटायला पेढे आणलेत. ‘सरकारनं शेवटी माझं ऐकलं,’ म्हणते. अर्जाबद्दल तिनं मला काल पहिल्यांदा सांगितलं, लाजत लाजत.

त्या लाजण्यानंच माझी वाट लावली. हे पोटात ठेवून तिच्याबरोबर रोजचं जगायचं? नाही जमणार. आणि खरं सांगू, घाबरलोय, तरी गेल्या कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलेलं नाही. आता ती मला ओळखेल तरी. रागावली तर खऱ्या माणसावर रागावेल.

ती पेढ्यांचे डबे पिशवीत भरतेय. दाराबाहेर पाऊल टाकायच्या आत तिला सांगणार आहे. सुनंदा, सरकारला तुझा अर्ज कधी पोचलाच नाही. तो माझ्याकडे आला होता.