पुढे गेलेलं माणूस

मोडनिंबच्या हायवेवर मुंबईची ट्रॅव्हल्स यायची होती, तिथून पुढे परदेशाचं विमान, आणि मी तिसऱ्यांदा पासपोर्ट चाचपत होते. आई पिशवीत शेंगाचटणीची आणखी एक पुडी कोंबत होती. आबा मात्र माझ्याकडे बघत होते. "गेल्या गेल्या चार गोष्टी बघायच्या," ते म्हणाले. "पानी, चारा, कुत्री आन् मानसं. मग फोन करायचा."

आमची मेंढरं आहेत. सांगोल्याकडचा आमचा माळ सुकला की कळप घेऊन बाहेर पडावं लागतं. त्याआधी एक जण पुढे जाऊन रान बघून येतो. त्याने सांगितल्याशिवाय बाकीचे पाऊल उचलत नाहीत. आमच्यात तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा.

त्यामुळे मी फायनान्सच्या मास्टर्ससाठी विद्यापीठ निवडायला बसले तेव्हा पंचाईत झाली. लंडनचं एक मोठ्या नावाचं आणि डब्लिनचं एक, अशा दोन ऑफर होत्या. मी आबांना मोबाइलवर रँकिंग दाखवलं, हिरवळीवर हसत बसलेली मुलं दाखवली.

"ह्ये फोटू कुनी काडलं?"

"विद्यापीठानंच."

"मग काय उपेग? आपल्यातलं कोन बघून आलंय?"

कोणीच नव्हतं. पुण्याच्या कन्सल्टंटला दोन्ही उत्तम वाटत होती, पण तो स्वतः कुठेच गेला नव्हता. मी डब्लिन निवडलं, कारण तिथे शेवटचे काही महिने बँकेत प्रत्यक्ष काम होतं. निवडलं कसलं, डोळे मिटून उडी मारली. लंडनच बरोबर असेल तर? घरात मी हाच प्रश्न दिवसभर विचारत राहिले. शेवटी आबाच म्हणाले, "कुनी न्हाय तर तूच म्होरं जा. रान बरं नसलं तर माघारी ये. म्होरं गेलेला माघारी आला म्हनून कोन हसत न्हाय."

डब्लिनला उतरल्यावर फोन केला. पाणी नळाचंच पितात. चारा म्हणजे ब्रेड. कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे आहेत आणि माणसं धक्का न लागताही सॉरी म्हणतात. आबा खूप हसले. मी घाबरून, बाथरूमचं दार लावून बोलत होते, ते त्यांना सांगितलं नाही. मला वर्गात भीती वाटायची, बसमध्ये वाटायची, असाइनमेंट तर पाच-पाच वेळा उघडून बघितल्याशिवाय सबमिट करायचे नाही. डिसेंबरात दुपारीच अंधारून यायला लागलं आणि बँकेच्या मुलाखतीत नकार आला, तेव्हा धीरच सुटला. "मला माघारी यायचंय," मी फोनवर रडत म्हणाले.

"ये की," आबा म्हणाले. कारण विचारलं नाही.

मी तिकिटं बघितलीही. पण परत जाता येतं एवढं कळलं आणि राहता आलं.

आता मी इथल्याच एका बँकेत रिस्क विभागात आहे. थोडक्यात, घाबरण्याचाच पगार मिळतो. माढ्याची, नातेपुत्याची मुलं फोन करून विचारतात, ताई, कुठलं विद्यापीठ घेऊ? मी त्यांना त्याच चार गोष्टी सांगते. भीती जात नाही, हेही सांगते. घर म्हणजे काय, ते मला आता एवढंच समजतं, की पुढे काय दिसलं ते जिथे खरं खरं सांगायचं असतं ती जागा. आणि मी तर आबांपासून ही भीतीच लपवत आले होते.

परवा पाणी, चारा, कुत्री, माणसं सगळं विचारून झाल्यावर आबा फोन ठेवेनात. "भ्या वाटतंय का गं?" त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"व्हय."

पलीकडे त्यांनी एका चुकार मेंढराला हाळी दिली.

"मला बी," आबा म्हणाले. "तू गेल्यापासनं."